‘आज घेतलीय, म्हणून गोळी नाही’: दादाच्या क्षयरोग उपचाराचा अनुभव

माझा थोरला भाऊ इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याला फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान झाले आणि उपचाराच्या संपूर्ण काळात त्याच्या कार्डावर ‘उपचार साहाय्यक’ म्हणून माझे नाव होते. साहाय्यकाचे काम म्हणजे रुग्ण रोजच्या गोळ्या गिळतो आहे हे पाहणे, त्याची नोंद ठेवणे आणि काही वेगळे दिसले तर आरोग्य केंद्रात कळवणे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे डॉक्टरांना प्रश्न विचारताना मला संकोच वाटला नाही आणि त्यांनीही उत्तरे देण्यात कंटाळा केला नाही. प्रतिजैविके आणि दारू यांच्याविषयी मला जे समजले ते या काळात, एका माणसाच्या शरीरावर घडताना पाहून समजले, म्हणून ते क्रमाने लिहीत आहे.

क्षयरोगाच्या गोळ्या ही प्रतिजैविकेच आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. घशासाठी किंवा जखमेसाठी पाच दिवस घेतात ती प्रतिजैविके, आणि टीबीचा ‘कोर्स’ म्हणजे काहीतरी निराळे, अशी समजूत आमच्याही घरात होती. वास्तविक दादाच्या एका गोळीत आयसोनियाझिड 75 मिलिग्रॅम, रिफाम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि इथाम्ब्युटॉल 275 अशी चार जिवाणूविरोधी औषधे एकत्र होती, आणि वजनाप्रमाणे त्याला अशा तीन गोळ्या रोज सकाळी एकदम घ्यायच्या होत्या. पहिले दोन महिने ही चार औषधे आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन, असा एकूण सहा महिन्यांचा उपचार ठरला होता. या चारांपैकी इथाम्ब्युटॉल सोडले तर बाकीची तिन्ही औषधे यकृताला इजा करू शकतात. दारूही तेच करते. दादाच्या बाबतीत हे दोन्ही ओझे एकाच अवयवावर पडणार होते आणि डॉक्टरांना त्याची कल्पना पहिल्याच दिवशी आली होती.

थुंकीची तपासणी ट्रूनॅट यंत्रावर झाली. हे यंत्र गोव्यातील कंपनीने विकसित केलेले आहे आणि जंतू आहेत की नाहीत एवढेच नव्हे, तर रिफाम्पिसिनला ते दाद देतील की नाही, हेही त्यावर काही तासांत कळते. दादाचे जंतू दाद देणारे निघाले. त्यानंतर रक्तातील साखर, एचआयव्ही आणि यकृताच्या चाचण्या झाल्या. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी विकरे (एन्झाइम). यकृताच्या अहवालात एसजीओटी हा आकडा एसजीपीटीपेक्षा जवळजवळ दुप्पट होता. ते पाहून डॉक्टरांनी मान वर न करताच विचारले, “रोज किती घेता?” दादा म्हणाला, “कधीतरी.” वहिनी शेजारी उभी होती. तिने शांतपणे सांगितले, “रोज एक क्वार्टर, आणि पगाराच्या दिवशी दोन.”

दादाला लाज वाटावी म्हणून मी हा प्रसंग सांगत नाही. बारा तासांची पाळी, मागांचा कानठळ्या बसवणारा आवाज, हवेत उडणारे सुताचे तंतू आणि पाळी सुटल्यावर कारखान्याच्या कोपऱ्यावरच असलेले दुकान, या सगळ्यांतून ती सवय लागली होती आणि त्याच्यासारखे शेकडो लोक आमच्या शहरात आहेत. मला महत्त्वाचे वाटले ते डॉक्टरांचे वागणे. त्यांनी उपदेश केला नाही, कागदावर हिशेब मांडला. एक क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर, बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण 42.8 टक्के छापलेले, म्हणजे त्यात सुमारे 60 ग्रॅम शुद्ध मद्यार्क झाला. जागतिक आरोग्य संघटना दहा ग्रॅमचे एक माप धरते, त्या मापाने दादा रोज सहा मापे पीत होता. “कधीतरी” हा शब्द त्यानंतर कोणी उच्चारला नाही.

मला वाटले होते की आता ते ‘आजपासून दारू बंद’ असे लिहून देतील. तसे झाले नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एकदम थांबवले तर पहिल्या एक-दोन दिवसांत हात थरथरणे, घाम, झोप उडणे, उलट्या असा त्रास सुरू होतो आणि काहींना झटके येतात किंवा भ्रम होऊन ते भलतेच बोलू-वागू लागतात; ही अवस्था जिवावरही बेतू शकते. म्हणून त्यांनी दादाला त्याच रुग्णालयातील मनोविकार विभागात पाठवले. तिथे त्याला काही दिवस दाखल करून घेतले, बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली आणि थरथर आवरण्यासाठी लोराझेपामच्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. क्षयरोगाच्या गोळ्या याच काळात सुरू झाल्या. त्यांच्याबरोबर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-6 जीवनसत्त्वही होते. आयसोनियाझिडमुळे शरीरातील बी-6चा उपयोग होण्यात अडथळा येतो, दारू पिणाऱ्यांमध्ये ते मुळातच कमी असते, आणि दोन्ही मिळून पायांच्या नसांना इजा होऊन तळव्यांची आग व मुंग्या सुरू होतात, असे परिचारिकेने आम्हाला समजावले.

याच सुमारास शेजारच्या एका बाईंनी वहिनीला गुपचूप एक पत्ता दिला. तिथे मिळणारी ‘दारू सोडवण्याची गोळी’ भाजीत मिसळून द्यायची, रुग्णाला कळतही नाही, आणि प्यायला की असा त्रास होतो की तो पुन्हा बाटलीला हात लावत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वहिनीने ते मला सांगितले हे चांगले झाले. मी डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर झाला. अशा गोळ्यांत बहुधा डायसल्फिराम असते. शरीर मद्यार्काचे आधी अॅसिटाल्डिहाइड करते आणि मग एक विकर त्याचे निरुपद्रवी अॅसिटेटमध्ये रूपांतर करते. डायसल्फिराम नेमके हेच विकर अडवते, अॅसिटाल्डिहाइड रक्तात साचते, चेहरा तापून लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. कोपनहेगनच्या हाल्ड आणि याकोबसेन या संशोधकांनी 1948मध्ये हा उपयोग जगापुढे आणला आणि आजही ते औषध म्हणून वापरले जाते, पण रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि देखरेखीखाली. न सांगता दिले तर माणूस नेहमीसारखा पितो आणि का मरणप्राय त्रास होतो आहे हे त्यालाही कळत नाही आणि इस्पितळातही कोणाला कळत नाही. शिवाय दादाच्या बाबतीत आणखी एक धोका होता: डायसल्फिराम आणि आयसोनियाझिड एकत्र आल्यास तोल जाणे आणि वागण्यात-विचारात बिघाड होणे हे परिणाम नोंदलेले आहेत. त्यातून डायसल्फिराम स्वतःच यकृताला इजा करू शकते. वहिनीने तो पत्त्याचा कागद फाडून टाकला आणि शेजारच्या बाईंनाही जाऊन सगळे सांगितले.

पहिला महिना चांगला गेला. लघवीचा रंग केशरी झाला तेव्हा दादा घाबरला होता, परंतु तो रिफाम्पिसिनचा रंग असून त्यात काळजीचे काही नाही, हे आम्हाला आधीच सांगितलेले होते. खोकला कमी झाला, भूक लागू लागली. क्षयरुग्णांना सकस आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे, जे नोव्हेंबर 2024पासून दरमहा 500 रुपयांऐवजी 1,000 रुपये झाले आहेत, त्याच्या खात्यात जमा झाले आणि वहिनीने त्यातून अंडी व शेंगदाणे आणायला सुरुवात केली.

एप्रिलमध्ये गावची जत्रा होती. शाळेच्या परीक्षांमुळे मी शहरातच होतो, दादा आणि वहिनी गावी गेले. जत्रेत भावकी जमते, बकरी कापली जातात, आणि जो पीत नाही त्याचा आग्रह करून करून जीव नकोसा केला जातो. दादा प्यायला. सलग दोन-तीन दिवस प्यायला, आणि त्यातल्या पहिल्या दिवशी त्याने सकाळी गोळ्याही घेतल्या होत्या. परत आल्यावर मी गोळ्यांच्या पट्ट्या तपासल्या तेव्हा काही गोळ्या शिल्लक होत्या. मी विचारले, तेव्हा तो अगदी सरळपणे म्हणाला, “आज घेतलीय न्हवं, मग गोळी कशी खायची? दोन्ही एकत्र आलं तर माणूस खलास हुतोय. म्हणून त्या दिवसांत गोळी बंदच ठेवली.”

त्याच्या मते त्याने पथ्य पाळले होते. मी त्यानंतर कारखान्यातील त्याच्या सहकाऱ्यांशी आणि केंद्रावर येणाऱ्या इतर रुग्णांशी बोललो, तेव्हा हीच समजूत पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाली. “गोळ्या चालू असताना दारू पिऊ नका” हा इशारा जो तो ऐकतो, परंतु तो देताना कारण सांगितले जात नाही, आणि पिण्याची सवय असलेला माणूस त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावतो: दोन्ही एकत्र नकोत, मग ज्या दिवशी दारू त्या दिवशी गोळी नको. पगाराच्या दिवशी गोळी नाही, सणाला गोळी नाही, लग्नाच्या वरातीला गोळी नाही. इशारा देणाऱ्याला वाटते की आपण दारू थांबवली, आणि प्रत्यक्षात थांबते ते औषध. या संपूर्ण अनुभवातून मला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे.

क्षयरोगात ही चुकवाचुकवी विशेष घातक आहे. क्षयाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो, त्यातले काही जंतू बराच काळ निपचित पडून राहतात, आणि म्हणूनच एवढे महिने औषध घ्यावे लागते. मध्ये मध्ये खंड पडला तर अर्धवट मारलेल्या जंतूंमधून औषधाला न जुमानणारे उरतात आणि तेच वाढतात. रिफाम्पिसिन अनियमित घेतल्यास ताप-अंगदुखीसारखी वेगळी प्रतिक्रियाही येऊ शकते. रुग्णाने घरीच राहून उपचार घेतला तर तो आरोग्यधामातील उपचाराइतकाच यशस्वी होतो, हे 1956मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या केंद्रातील प्रसिद्ध अभ्यासाने दाखवून दिले. आमच्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामाच्या आठवणी सांगणारी वृद्ध माणसे अजून आहेत. त्या काळी रुग्णाला घरापासून तोडून महिनोन्‌महिने तिथे ठेवावे लागे. घरी राहण्याची ती मुभा मिळाली त्याबरोबर रोजची गोळी चुकू न देण्याची जबाबदारीही घरात आली.

मी आरोग्य केंद्रातील उपचार पर्यवेक्षकांना त्याच दिवशी सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी दादाला समोर बसवून सांगितले की दारू यकृताला घातक आहे म्हणून ती नको, पण कधी पाय घसरलाच तर त्यासाठी गोळी चुकवायची नाही, आणि लपवायचे तर मुळीच नाही, दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचे, म्हणजे यकृताची तपासणी करता येईल. मात्र मळमळ, उलट्या, भूक पूर्ण जाणे, डोळे पिवळे होणे यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता लगेच यायचे. ही दोन्ही वाक्ये एकत्र सांगितली गेली पाहिजेत, असे मला तेव्हापासून तळमळीने वाटत आले आहे.

त्यानंतर आठवडाभरातच ती लक्षणे आली. आधी जेवणावरची वासना गेली, मग सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. लघवी आता केशरी राहिली नव्हती, चहाच्या काळपट अर्कासारखी झाली होती, आणि उजेडात डोळे पाहिले तेव्हा पांढऱ्या भागात पिवळसर झाक स्पष्ट दिसली. त्या दिवशी घरी आलेल्या चुलत्यांनी एका गावी कावीळ उतरवणारा माणूस आहे, तिथे नेऊ, असा आग्रह धरला. आमच्या भागात हे सर्रास केले जाते. मी त्यांचा मान ठेवून एवढेच म्हटले की आधी रक्त तपासू. एसजीपीटीची सामान्य मर्यादा साधारण 40 असते. दादाचा आकडा तीनशेच्या पुढे गेला होता आणि काविळीचा पिवळेपणा ज्याच्यामुळे येतो ते बिलिरुबिनही वाढले होते. लक्षणे असताना हा आकडा मर्यादेच्या तिपटीच्या वर गेला, किंवा लक्षणे नसतानाही पाचपटीच्या वर गेला, तर यकृताला इजा करणारी औषधे थांबवायची असतात. डॉक्टरांनी तिन्ही औषधे त्याच क्षणी थांबवली आणि दादाला दाखल करून घेतले. त्याच वेळी विषाणूजन्य काविळीच्या चाचण्या करून तेही कारण नसल्याची खात्री करून घेतली.

दारू आणि गोळ्या यकृतात नेमके काय करतात, हे मी त्या दिवसांत डॉक्टरांकडून सविस्तर समजून घेतले. रोज पिणाऱ्याच्या यकृतात सीवायपी2ई1 नावाचे एक विकर वाढलेले असते, कारण मद्यार्क मोडायला त्याची मदत लागते. आयसोनियाझिडचे शरीरात विघटन होताना हायड्राझिनसारखे काही विषारी घटक तयार होतात आणि हे वाढलेले विकर त्या मार्गाला चालना देते. ते विष निष्प्रभ करणारे ग्लुटाथायोन पिणाऱ्याच्या यकृतात कमी असते, आणि कुपोषण असेल तर आणखी कमी. आयसोनियाझिडचे विघटन काही माणसांत जन्मतःच संथ गतीने होते. भारतात अशा माणसांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांना हा धोका जास्त असतो. म्हणजे केवळ जत्रेतल्या त्या दारूने हे घडले असे म्हणता येत नाही. न पिणाऱ्यालाही या गोळ्यांनी कावीळ होऊ शकते. पण वर्षानुवर्षांची सवय आणि त्यावर ते सलग पिणे यांनी तो धोका वाढवला, हे डॉक्टरांनी नि:संदिग्धपणे सांगितले.

औषधे थांबल्यावर दिवस फार जड गेले. फुप्फुसातला रोग औषधाविना पडून राहू नये म्हणून इथाम्ब्युटॉल चालूच ठेवून यकृताला सोसवतील अशी दोन वेगळी औषधे तात्पुरती दिली गेली, त्यांपैकी एक इंजेक्शनचे होते. एसजीपीटी मर्यादेच्या दुपटीच्या खाली आल्यावर जुनी औषधे एकेक करून परत सुरू झाली. आधी रिफाम्पिसिन, मग काही दिवस थांबून पुन्हा रक्ततपासणी, मग आयसोनियाझिड, पुन्हा तपासणी. हे सारे सावकाश आणि जपून करावे लागते, कारण एखाद्या औषधाने आकडा पुन्हा वर गेला तर दोषी कोण ते तिथेच ओळखता येते. पायराझिनामाइड डॉक्टरांनी परत दिलेच नाही, आणि ते औषध गळाल्यामुळे उपचाराची मुदत सहाऐवजी नऊ महिन्यांची झाली. जत्रेतल्या त्या दिवसांचा हिशेब अशा रीतीने तीन अधिक महिन्यांत आणि इंजेक्शनांच्या वेदनेत चुकता करावा लागला. दादाने तो तक्रार न करता केला.

दाखल असताना शेजारच्या खाटेवरच्या एका तरुणाला रिफाम्पिसिनला दाद न देणारा क्षय होता. त्याला बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशी चार औषधांची नवी उपचारपद्धती सुरू होती, जिला 2024मध्ये आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात मान्यता मिळाली. त्याला दारूविषयी आणखी वेगळी सूचना होती. लिनेझोलिड हे शरीरातले मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर काही प्रमाणात अडवते. हे विकर अडले की टायरामिन नावाचा पदार्थ मोडला जात नाही आणि रक्तदाब एकाएकी चढू शकतो. टायरामिन पिंपातून काढलेल्या बिअरमध्ये, काही वाइनमध्ये आणि जुन्या मुरवलेल्या चीजमध्ये असते. एकाच खोलीतल्या दोन रुग्णांना एकच ‘दारू नको’ सांगितले जात होते, पण त्यामागची कारणे पूर्णपणे निराळी होती, हे तिथे माझ्या पहिल्यांदा लक्षात आले आणि मी इतर प्रतिजैविकांविषयीही विचारू लागलो.

त्याचा उपयोग लगेचच झाला. पावसाळ्यात दादाची दाढ सुजली आणि दंतवैद्यांनी अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल अशी नेहमीची जोडी लिहून दिली. दोन्ही औषधे घेण्यापूर्वी आम्ही छातीच्या डॉक्टरांना दाखवली. अमॉक्सिसिलिन आणि दारू यांच्यात थेट धोकादायक प्रतिक्रिया होत नाही. ताप व जंतुसंसर्ग असताना दारूने शरीराची झीज भरून यायला उशीर होतो, पाणी कमी होते, झोप बिघडते, एवढेच. मेट्रोनिडाझोलची गोष्ट वेगळी. डायसल्फिरामसारखी प्रतिक्रिया त्याच्याबाबतही नोंदलेली आहे, इतकी की 1960च्या दशकात दारू सोडवण्यासाठीही हे औषध वापरून पाहिले गेले. फिनलंडमधील संशोधकांनी 2002मध्ये 12 निरोगी पुरुषांवर केलेल्या अभ्यासात मात्र अॅसिटाल्डिहाइड वाढलेले आढळले नाही, त्यामुळे ही प्रतिक्रिया खरोखर किती जणांना होते याविषयी मतभेद आहेत. तरीही कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून औषध चालू असताना आणि संपल्यावरही दोन ते तीन दिवस दारू वर्ज्य, हीच सूचना कायम आहे. टिनिडाझोललाही तीच लागू पडते. इस्पितळात शिरेतून दिले जाणारे सेफोपेराझोनही त्याच वर्गात बसते, आणि रुग्ण घरी जाऊन ‘सुटलो’ म्हणून प्यायला तर त्रास घरी होतो, हे तिथल्या औषधनिर्मात्यांनी मला आवर्जून सांगितले. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत नेहमी पिणाऱ्याचे यकृत ते औषध लवकर मोडून टाकते, म्हणजे त्रास न होता गुणच कमी येतो.

दारूच्या बाटलीबाहेरही मद्यार्क असतो, ही आणखी एक गोष्ट. दादा अशक्त झाला म्हणून मामांनी प्रेमाने दशमूलारिष्टाची बाटली आणली होती. तिच्यावर ‘स्वयंनिर्मित अल्कोहोल’ असे छापलेले होते. आसव आणि अरिष्ट आंबवून तयार होतात, त्यामुळे त्यांत मद्यार्क असतोच. एका वेळी पोटात जाणारे प्रमाण थोडे असते आणि निरोगी माणसाला त्याने काही होणार नाही, पण दुखावलेले यकृत आणि मेट्रोनिडाझोल अशा वेळी ते नको, असे डॉक्टरांचे मत पडले. खोकल्याची काही औषधे, होमिओपॅथीचे अर्क आणि चूळ भरण्याची काही द्रावणे यांतही मद्यार्क असतो. नुकतीच दारू सोडलेल्या माणसाला त्या चवीची आठवणही नको, हे कारण मला त्याहून अधिक पटले. मामांना वाईट वाटू नये म्हणून बाटली आईने ठेवून घेतली.

उपचाराचा उत्तरार्ध तुलनेने संथ गेला. दादा दर आठवड्याला व्यसनमुक्ती गटाच्या बैठकीला जाऊ लागला. कारखान्यात जुन्या सोबत्यांनी सुरुवातीला टोमणे मारले, पण पिवळे डोळे त्यांनीही पाहिले होते. आशाताई घरी येत तेव्हा आधी पट्टी पाहत आणि मग विचारत, “या आठवड्यात प्यायला होता का?” तो प्रश्न त्या भाजी काय केली विचारावे इतक्या सहज विचारत, म्हणूनच त्याला खरे उत्तर मिळत असे. एकदा त्याने “हो, एकदा” असे सांगितले, गोळी मात्र घेतली होती. त्या आठवड्यात रक्त तपासले गेले आणि आकडे ठीक निघाले. हीच गोष्ट त्याने लपवली असती किंवा गोळी चुकवली असती तर काय झाले असते, याचा विचार माझ्या मनात आला.

शेवटची थुंकी तपासणी नकारात्मक आली. उपचार संपल्यावर दोन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी करायची असते. त्यातली पहिली झाली आणि तीही चांगली आहे. तळव्यांना अजून अधूनमधून मुंग्या येतात. डॉक्टरांच्या मते नसा भरून यायला वेळ लागतो आणि दारू बंद राहिली तरच त्या भरून येतील.

केंद्रातील पर्यवेक्षकांच्या विनंतीवरून दादा आता नव्या रुग्णांशी बोलतो. यंत्रमाग कामगार त्याचे ऐकतात, कारण तो त्यांच्याच पाळीतला आहे. मी एकदा सोबत गेलो होतो. एका तरुण रुग्णाने विचारले, “मग पगाराच्या दिवशी गोळी घ्यायची का न्हाई?” दादा म्हणाला, “गोळी घ्यायचीच. पगाराच्या दिवशी पिऊ नको, ते वेगळं सांगतो. पण प्यालास तर गोळी टाळू नको, आणि दुसऱ्या दिवशी ताईंना सांग. डोळं पिवळं दिसलं तर त्याच दिवशी इथं ये.” त्या तरुणाने ते आपल्या कार्डाच्या मागे लिहून घेतले, आणि दादाने ते वाचून एक शब्द दुरुस्त करून दिला.